एकोणीस पंचे

"निष्ठेपेक्षा मोठं या जगात काही नाही," असं मी टेबलावर उभं राहून जाहीर केलं. "मित्रहो, माणूस एक वेळ घर सोडेल, गाव सोडेल, पण आपली गॅलरी सोडणार नाही." अडीचशे पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. साडेचार वाजता मी समोरच्या कॉलेजच्या गॅलरीत, तिसऱ्या ओळीत बसलो होतो.

मधल्या तासात फार काही घडलं नाही. फक्त माझं तिकीट हरवलं, आणि तेही माझ्याच हुकुमावरून.

एकाहत्तर सालचा जानेवारी होता. नागपुरात आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलची फायनल म्हणजे लग्नसराईच. दोन्ही कॉलेजांना अडीचशे-अडीचशे विद्यार्थी-तिकिटं मिळायची, आमची हिरवी, त्यांची गुलाबी. जिमखान्याच्या खिडकीवर आय-कार्ड दाखवायचं, कार्डाला एक भोक पडायचं आणि तिकीट हातात यायचं. आमचा घोषणाप्रमुख चिंचोळकर म्हणजे मी. घोषणा शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून मी कडक शिस्त घालून दिली होती: चिठ्ठी पाठ झाली की लगेच फाडायची. भाषण संपताना मला एक घोषणा सुचली. कागद संपला होता, म्हणून खिशातून जो कपटा निघाला त्याच्या पाठीवर ती लिहिली आणि ढोलवाल्या बंडू ठेंगडीच्या हातात दिली.

गेटवर पोचल्यावर खिसे चाचपले आणि मागे फिरलो.

"बंडू, तो कागद कुठाय बे?"

"फाडला."

"हिरवा होता ना?"

"हिरवाच होता," बंडू म्हणाला. "पाठ झाल्याबरोबर फाडला. तुकडे नालीत टाकले. तू म्हणशील तर एक गिळतोही."

गेटवर आमचे पी.टी.चे वझलवार सर होते. त्यांनी मला ओळखलं, पाठीवर थोपटलं, घोषणांसाठी शाबासकी दिली आणि आत सोडायला नकार दिला. "तिकिटाशिवाय मी माझ्या बापाला सोडणार नाही," ते म्हणाले. "आणि तो फलक तूच रंगवलास ना? 'नियम सर्वांना समान'? अक्षर छान आलंय."

एखादा शहाणा मुलगा खोलीवर जाऊन झोपला असता. माझी अडचण अशी होती की सकाळीच मी सुदामला शब्द दिला होता.

सुदाम गभणे माझा खोलीतला जोडीदार. तुमसरकडच्या एका खेड्यातला. उंची सहा फूट तीन इंच, त्यामुळे हॉस्टेलच्या खाटेवर तो नेहमी कोनात झोपायचा. आमच्या टीमचा सगळा भार त्याच्यावर. त्या दिवशी खुर्च्यांच्या रांगेत रेल्वेचे एक क्रीडा अधिकारी मांडीवर तपकिरी फाईल घेऊन बसणार होते आणि त्या फाइलीत सुदामचं नाव होतं. खेळ पसंत पडला तर नोकरी. त्याचे वडील, गभणे गुरुजी, मार्चमध्ये रिटायर होणार होते आणि पाठीमागे तीन बहिणी होत्या.

सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता तो म्हणाला, "मन्या, तू रिंगच्या मागं बस बरं. तुझं थोबाड दिसलं का पाढा सरळ येते."

हा पाढा एकोणिसाचा. लहानपणी गुरुजींनी त्याला या पाढ्यासाठी इतकं बदडलं होतं की शेवटी त्याला जगात तेवढी एकच गोष्ट पक्की वाटायची. फ्री थ्रोच्या वेळी त्याचे हात थरथरायचे. पण चेंडू आपटत एकोणीस एके एकोणीस म्हटलं की थरथर थांबायची. दर टप्प्याला एक ओळ. पाचव्या टप्प्याला एकोणीस पंचे पंच्याण्णव, आणि चेंडू हातातून सुटायचा. तो बहुतेक चुकत नसे. गुरुजींचा आणखी एक नियम त्याच्या हाडात बसला होता: मध्येच चुकलास तर पुन्हा एक्यापासून. हे सगळं जगात तिघांना माहीत होतं. एक तो, दुसरे गुरुजी, तिसरा मी.

म्हणून मी मैदानाजवळच खोली घेऊन राहणाऱ्या रमणकडे धावलो. रमण माझा मावसभाऊ, आणि समोरच्या कॉलेजचा. तो कांजिण्या येऊन पडला होता. गुलाबी तिकीट त्याच्या उशाशी होतं.

"दे," मी म्हटलं. "नुसता आत जातो आणि आतल्या आत आमच्या बाजूला सरकतो."

"घे," तो अंग खाजवत म्हणाला. "पण तिथं मुकाट बसता येत नाही, मन्या. आमच्याकडे पाळी असते."

"कसली पाळी?"

"कळेल," रमण म्हणाला आणि त्याने तिकिटाबरोबर आपलं आय-कार्ड आणि गुलाबी गमछाही दिला.

आय-कार्डाची मला चिंता नव्हती. त्या काळी दोन्ही कॉलेजांचे फोटो एकाच स्टुडिओत निघायचे. स्टुडिओत कोट एकच होता आणि टायही एकच. त्या कोटात शिरलेला प्रत्येक मुलगा सारखाच घाबरलेला दिसायचा. गेटवरच्या प्राध्यापकांनी कार्ड पाहिलं, मला पाहिलं आणि शंका काढली, "कोट कुठाय?"

"धुवायला टाकलाय, सर."

मी आत गेलो आणि मागे खाडकन आवाज झाला. मागच्या वर्षी मध्यंतरात दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या गॅलऱ्यांत जाऊन कुटाकुटी करून आली होती. तेव्हापासून सामना सुरू होताना दोन्ही गेटांना कुलपं लावायची आणि शेवटची शिट्टी झाली की उघडायची असं ठरलं होतं. ही सूचना मीच केली होती. दोन गॅलऱ्यांच्या मध्ये कोर्ट, कोर्टाभोवती बल्ल्या, बल्ल्यांना तारा. पलीकडे हिरव्या गॅलरीत ढोलाशेजारी माझी जागा रिकामी दिसत होती. मी गमछा कपाळापर्यंत ओढून घेतला.

"नवीन आहेस का रे?" शेजारून आवाज आला.

ही शालू पळसोकर. त्यांची घोषणाप्रमुख. पुठ्ठ्याचा कर्णा गळ्यात अडकवलेला, पण तिला त्याची गरज नव्हती. गॅलरीच्या पुढे केमिस्ट्रीच्या लॅबमधून उचलून आणलेलं एक उंच स्टूल होतं.

"रमण," मी म्हटलं. "बी.एस्सी. दोन."

"तोंड शिवून आला का? आपल्याकडे ओळीनं पाळी असते. पाळी आली का उभं राहायचं आणि ताजी घोषणा टाकायची. गॅलरी हसली तर बसायचं. नाही हसली तर या स्टुलावर चढायचं, नाव, वर्ग, पत्ता ओरडून सांगायचा आणि पुढचा कोणी पडेपर्यंत उभं राहायचं."

स्टूल कोर्टाच्या कडेला होतं. त्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला हिरव्या गॅलरीतून कोणीही ओळखलं असतं. आणि नाव-वर्ग ऐकून हा रमण नव्हे हे गुलाबी गॅलरीनेही ओळखलं असतं. मागच्या वर्षी त्यांनी आमच्या एका हेराला पकडलं होतं. त्याच्या अर्ध्या मिशीला चुना लावून त्याला परत पाठवलं होतं. ती मिशी पुढे कधी नीट आली नाही.

सामना सुरू झाला. पलीकडून आमचा ढोल वाजला आणि माझी पहिली घोषणा आली: "वीरांनो, पुढे व्हा, विजयश्री तुमची वाट पाहते आहे!" रात्रभर जागून मी ती रचली होती. कोर्टाच्या या टोकाला ती पोचली तेव्हा मयताच्या घरी निरोप आल्यासारखी वाटली.

गुलाबी गॅलरीतला एक चष्मेवाला उठला. "ही विजयश्री कोणत्या वर्षाला आहे? तिला सांगा, वाट पाहू नको, शेवटची बस गेली."

गॅलरी बल्ल्यांसकट हलली. मीही हसलो. गमछ्यात तोंड घालून मनापासून हसलो, याची आजही मला लाज वाटते.

"त्यांचा तो चिंचोळकर आहे ना," शालू मला म्हणाली, "यंदा अगदी फिका पडून राहिला. आजारी आहे का?"

"ऐकलं नाही," चिंचोळकर म्हणाला.

"मागच्या वर्षीही फिकाच होता. वाचून दाखवल्यासारखं लिहिते माणूस."

पहिल्या डावात आमची टीम हिरव्या गॅलरीसमोरच्या रिंगवर चेंडू टाकत होती. सुदाम भन्नाट खेळत होता. त्याला दोन फ्री थ्रो मिळाले. रेषेवर उभं राहून त्याने रिंगच्या मागे, ढोलाशेजारी पाहिलं. मग ढोलाच्या दुसऱ्या बाजूला. मग वरच्या ओळींत.

"हा कोणाला शोधून राहिला?" शालूने विचारलं.

मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

त्याने बरंच शोधलं आणि मग चेंडू आपटायला लागला. पाच टप्पे, आणि चेंडू जाळीत. पुन्हा पाच टप्पे, पुन्हा जाळीत. खुर्चीवरच्या अधिकाऱ्यांनी फाइलीत काहीतरी लिहिलं.

"हा चुकतच नाही," शालू म्हणाली. "आणि पुटपुटते काय रे हा? मंत्र आहे का?"

"असेल," मी म्हटलं.

माझी पाळी आली ती मध्यंतराच्या जरा आधी. मी उभा राहिलो. काहीतरी बोललो, आमच्या टीमच्या मोज्यांविषयी होतं. कोणी हसलं नाही. मागून एक जण म्हणाला, "पांढरे आहेत, एवढंच ना?" शालूने स्टुलाकडे बोट केलं. तेवढ्यात शिट्टी झाली आणि मी वाचलो.

"मध्यंतरामुळे सुटला," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला सोडणार नाही, रमण. सेकंड इयरचा आहेस, जरा डोकं चालव."

मध्यंतरात मी गेटापर्यंत जाऊन आलो. कुलूप अलिगढी होतं. चौकीदार बाहेरून म्हणाला, "आता शिट्टीनंतर. तुमच्याच पोरांनी नियम केला ना, भाऊ?"

दुसऱ्या डावात टीमांनी बाजू बदलल्या. आता सुदाम आमच्या रिंगवर, म्हणजे गुलाबी गॅलरीसमोरच्या रिंगवर खेळत होता. तो एवढ्या जवळ येऊन उड्या मारत होता की त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. मी गमछा नाकापर्यंत आणला. ओळीतली पाळी पुन्हा सरकत सरकत येत होती. त्या चष्मेवाल्याने आमच्या कॅप्टनच्या चालण्यावर एक घोषणा टाकली आणि शालू हसता हसता माझ्या खांद्यावर कलली. नंतर तिने कर्ण्याने डोळे पुसले. त्या चष्मेवाल्याचा मला फार राग आला.

शेवटच्या मिनिटात गुणफलकावर त्यांचे एकोणसाठ आणि आमचे अठ्ठावन्न होते. सुदाम चेंडू घेऊन उडाला आणि त्याला दोघांनी हवेतच आडवं केलं. फाउल. दोन फ्री थ्रो. एक गेला तर बरोबरी, दोन्ही गेले तर कप, फाईल आणि रेल्वे. घड्याळात सात सेकंद उरले होते.

आणि बोट माझ्यावर आलं.

"रमण, बोल. याला चुकव, नाही तर स्टूल."

पंच चेंडू पुसत होते. मी शालूच्या कानाशी वाकलो. "तो पाढा म्हणतो," मी म्हटलं. "एकोणिसाचा. प्रत्येक टप्प्याला एक ओळ, पाचव्याला फेकतो. चौथा टप्पा पडला की सगळ्यांनी ओरडायचं: पंच्याऐंशी."

"पाढा?" ती म्हणाली. "खरंच?"

"मध्येच चुकला तर पुन्हा एक्यापासून सुरू करतो."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली. मोज्यांना नव्हती हसली, तशी. मग तिने कर्णा न लावताच निरोप मागे पाठवला आणि तो ओळी-ओळींनी वर चढत गेला.

सुदाम रेषेवर आला. सवयीने त्याने रिंगच्या मागे पाहिलं. शालूच्या कानाशी वाकताना माझा गमछा कधी खाली घसरला होता, मला कळलं नव्हतं. दुपारभर जे थोबाड तो शोधत होता ते त्याला दिसलं. कोणत्या गॅलरीत दिसलं याचा त्याने विचार केला नसावा. त्याने मान जराशी हलवली, सकाळी मेसमध्ये हलवायचा तशीच, आणि चेंडू आपटला.

एक. दोन. तीन. चार.

"पंच्याऐंशी!"

मी त्यात तोंड उघडलं नाही असं लिहायला मला आवडलं असतं. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता, आणि अर्धा ठोका आधी होता.

सुदाम थांबला. त्याच्या कपाळावर आठी पडली, गणित तपासणाऱ्या मुलाला पडते तशी. मग त्या प्रामाणिक माणसाने पुन्हा एक्यापासून सुरुवात केली. एक. दोन. फ्री थ्रो ठरलेल्या सेकंदांत टाकावा लागतो. तिसऱ्या टप्प्याला शिट्टी झाली. पहिला बाद.

गुलाबी गॅलरी नाचत होती. पंचांनी दुसऱ्यांदा चेंडू दिला. या वेळी सुदामने ओठ हलवले नाहीत. चेंडू आपटलाच नाही. तो माझ्याकडे पाहत होता, आणि पाहता पाहताच त्याने चेंडू टाकला. चेंडू रिंगवर दोनदा फिरला आणि बाहेर पडला.

मी पळणार होतो. पण शेवटची शिट्टी झाली, गेट उघडलं आणि त्यांनी मला खांद्यावर घेतलं. ज्या माणसाने सामना जिंकून दिला त्याला गुलाबी गॅलरी पायी जाऊ देत नाही, ही त्यांची जुनी रीत. "रमण! रमण!" करत वरात हिरव्या गेटासमोरून गेली. मी उतरायला धडपडलो की ते विनय समजून आणखी उंच उचलायचे. मी गमछा तोंडाला गुंडाळला होता. ढोल गळ्यात घेऊन बंडू ठेंगडी रस्त्याच्या कडेला उभा होता. तो वर पाहून बाजूच्याला म्हणाला, "यांचा हा रमण कोण आहे बे? असा एक माणूस आपल्याकडे पाहिजे होता."

चौकातल्या चहावाल्यापाशी त्यांनी मला उतरवलं. शालूने विचारलं, "उद्या कँटीनमध्ये भेटशील का?" मी हो म्हटलं. रमणला कांजिण्या होत्या, त्यामुळे उद्या रमण तिला भेटणं शक्य नव्हतं.

खोलीवर आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सुदाम बादलीत मिठाचं गरम पाणी घेऊन पाय बुडवून बसला होता. मी दारातच थांबलो.

"कुठं होता?" त्याने विचारलं.

"रमणकडे गेलो होतो," मी म्हटलं. "कांजिण्या झाल्यात त्याला."

"बरं," तो म्हणाला. "मंग जरा दूर बस. मले अजून झाल्या नाहीत."

एवढंच. तो विचारेल म्हणून मी आठवडाभर वाट पाहिली. त्याने काही विचारलं नाही. मेसमध्ये बाजूला बसायचा, माझी भाजी संपली की आपली वाढायचा. खोली दहा बाय बाराची होती. जायला दुसरी जागा नव्हती.

पंधराव्या दिवशी मला कांजिण्या आल्या. भरपूर, तळपायांवरसुद्धा. हॉस्टेलच्या रेक्टरांनी खोलीला बाहेरून कडी घालायला सांगितली. तेव्हा सुदाम आपणहून आत थांबला. दहा दिवस त्याने कडुनिंबाचा पाला आणला, मला पेज पाजली, रात्री मी खाजवू नये म्हणून माझे हात धरून बसला. पहिल्या दिवशी माझ्या अंगावरचे फोड नीट पाहून तो म्हणाला होता, "म्हणजे तू खरंच रमणकडे गेला होता."

"हो," मी म्हटलं.

"बरं झालं," तो म्हणाला आणि पाला आणायला गेला.

ती फाईल पुन्हा उघडली नाही. मार्चमध्ये गुरुजी रिटायर झाले. पुढच्या वर्षी सुदाम डी.एड. झाला आणि त्यांच्याच शाळेत गणिताचा मास्तर म्हणून लागला. तिथूनच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला. तिन्ही बहिणींच्या लग्नांना मी गेलो होतो. प्रत्येक वेळी त्याने मला पहिल्या पंगतीला बसवलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी शालूचं बोट माझ्यावर आलं तेव्हा माझ्या खिशात एक घोषणा तयार होती. मध्यंतरात सुचली होती, सुदामच्या उंचीवर: 'आभाळ पुसायला माणूस मिळाला, फडकं कोणी द्या रे!' चांगली होती. गॅलरी हसली असती, मी मुकाट बसलो असतो, आणि सुदामही रेषेवर हसला असता, कारण उंचीवरच्या थट्टेने तो कधी चुकत नसे. स्टुलाचं भय मला नव्हतंच. फक्त ती एवढी हसली नसती.

मागच्या महिन्यात सुदामचा फोन आला. वर्षातून दोनदा येतो, दिवाळीला आणि गुरुजींच्या श्राद्धाला. हा मधेच आला म्हणून मी बसून घेतला. आम्ही दोघंही पंचाहत्तरीकडे आलो आहोत, डॉक्टरने त्याला काहीतरी सांगितलं असणार, आणि आता तो विचारणार. मी चष्मा काढून ठेवला. त्रेपन्न वर्षांत तयार केलेलं उत्तर पाठ होतं.

"मन्या," तो म्हणाला, "एक विचारायचं होतं. बरेच दिवस मनात होतं."

"विचार."

"तुझा जावई युनिव्हर्सिटीच्या क्रीडा खात्यात आहे नं?"

"आहे."

"माझ्या नातवाचं कॉलेज फायनलले आलं आहे. बास्केटबॉल. पोरगा खेळत नाही, नुसता ओरडते. त्याले पास नाही भेटला. आता म्हणे मोबाइलवर येते तिकीट, फाडता येत नाही."

"मिळवून देतो," मी म्हटलं. "एक पाहिजे का दोन?"

"दोन असले तर मीही येतो. कुठलेही चालतील, मागचे, उन्हातले." फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "फक्त तेवढे समोरच्या गॅलरीतले नको देऊ."